कवटीला छिद्र आहे म्हणजे ती फुटली आहे असं नाही

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझी नऊ वर्षांची मुलगी सोसायटीच्या उतारावर सायकलवरून पडली. डोक्याला मागे टेंगूळ आलं, दोनदा उलटी झाली, म्हणून सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही, असं रिपोर्टमध्ये आहे. पण शेवटी एक ओळ आहे, दोन्ही बाजूंना पॅरायटल फोरामिना दिसतात. फोरामेन म्हणजे भोक, असं नेटवर कळलं. मुलीच्या कवटीला दोन भोकं आणि डॉक्टर म्हणतात नॉर्मल! ती आपोआप बुजतील का, बुजवावी लागतील का, आणि मुळात डोक्याच्या हाडाला भोकं कशाला?"

ताई, आधी तुमच्या जिवाला लागलेला घोर मिटवते. ही छिद्रं पडल्यामुळे झालेली नाहीत. ती बुजवावी लागत नाहीत. ज्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये ती ओळ घातली त्यांनी तुमचं भलंच केलं आहे. उद्या दुसऱ्या कोणी तीच फिल्म दिव्यासमोर धरून "इथे चीर आहे बहुतेक" म्हटलं, तर ती ओळ तुमच्या बाजूने बोलेल. "फोरामिना" शब्दाआधी "नैसर्गिक" एवढं विशेषण असतं तर मात्र तुमची एका रात्रीची झोप वाचली असती. मी माझ्या रिपोर्टमध्ये ते आवर्जून घालते.

एमबीबीएस झाल्यावर दोन वर्षं मी शरीररचनाशास्त्र विभागात ट्यूटर होते. त्यानंतर गेली २६ वर्षं ठाण्यात रेडिओलॉजी करते आहे. शनिवारी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना कवटी शिकवायला जाते. म्हणजे आठवडाभर कवटी स्क्रीनवर चकत्यांमध्ये, म्हणजे सीटीने टिपलेल्या एकेका पातळ छेदाच्या चित्रांत दिसते आणि शनिवारी ती हातात असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण "भोकं कशाला" हे तुम्ही विचारलंत, आणि तो प्रश्न मला फार आवडतो.

तुमच्या मुलीच्या छिद्रांपासून सुरुवात करू. डोक्याच्या मागच्या उतारावर, पूर्वी शेंडी ठेवत त्या जागेच्या आसपास, मधल्या शिवणीच्या, म्हणजे दोन हाडांच्या सांध्याच्या, डाव्या-उजव्या अंगाला ती असतात. निम्म्याहून जास्त माणसांत निदान एका बाजूला तरी असतंच. मोठ्या टाचणीचं टोक जाईल एवढं, साधारण एक मिलिमीटर. त्यातून एक बारीक शीर जाते. डोक्याच्या कातडीखालच्या शिरा आणि कवटीच्या आतला मोठा रक्तमार्ग यांना ती जोडते. अशा शिरांना इमिसरी शिरा म्हणतात आणि कवटीत त्यांच्या वाटा आणखीही आहेत. कानामागच्या हाडात एक असते, मानेच्या वरच्या टोकाला असतात. कोणाला एका बाजूला असते, कोणाला दोन्हीकडे, कोणाला नसतेच. डॉक्टर "नॉर्मल" म्हणाले ते या अर्थाने.

ही छिद्रं ५ मिलिमीटरपेक्षा मोठी असतील तर गोष्ट वेगळी. आईच्या पोटात पॅरायटल हाड, म्हणजे माथ्याच्या डाव्या-उजव्या बाजूचं हाड, तयार होताना मागच्या भागात काही काळ एक फट असते आणि ती जन्माआधीच भरते. काही घराण्यांत ती भरायला फार वेळ लागतो आणि मोठी गोल छिद्रं राहतात. हे आनुवंशिक आहे. एमएसएक्स २ आणि एएलएक्स ४ या दोन जनुकांतल्या बदलांमुळे ते होतं, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाकडून जनुक आलं तरी पुरतं. अशा मुलांचा एकदा एमआरआय करून खालच्या शिरा नीट आहेत ना ते बघतात, डोक्याला मार लागेल असे खेळ जपून खेळायला सांगतात, आणि वयाबरोबर छिद्रं बहुधा लहान होत जातात. तुमच्या रिपोर्टमध्ये माप दिलेलं नाही. बारीक छिद्रांचं माप आम्ही सहसा लिहीत नाही. मोठी असती तर ते लिहिल्याशिवाय कोणी सोडलं नसतं. मनात शंका नको म्हणून रिपोर्ट देणाऱ्यांना फोन करून माप विचारा. सीडीवरून ते मिनिटभरात सांगतील. पण तेवढ्यासाठी पुन्हा सीटी करू नका. मुलांच्या बाबतीत मी यावर ठाम आहे. नुसतं कुतूहल शमवायला लहान डोक्याला किरणोत्सर्गाचा आणखी एक डोस द्यायचा नाही.

आता छिद्र कोणतं आणि चीर कोणती हे आम्ही कसं ओळखतो ते सांगते. सगळी गंमत काठात आहे. शीर किंवा मज्जातंतू जिथून जातो त्या छिद्राचा काठ गोलसर, गुळगुळीत आणि आतून कडक हाडाचं अस्तर लावल्यासारखा असतो. स्क्रीनवर तो पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. देवळाच्या उंबऱ्याचा दगड येण्याजाण्याने गुळगुळीत होतो तसा तो बोटाला लागतो, फक्त इथे झिजणं नसतं, हाड मुळातच तसं घडलेलं असतं. ताज्या फ्रॅक्चरची रेघ काळी आणि धारदार असते, तिला ते पांढरं अस्तर नसतं, बाजूला कातडीखाली सूज असते. दोन हाडांमधली शिवण नागमोडी जाते. शिरेची वाट हाडात तिरकी शिरते, म्हणून एका चकतीत ती रेघ दिसते आणि चार चकत्या पुढे सरकलं की गोल भोक होते. यासाठीच एका फोटोवरून मत देऊ नये, सगळ्या चकत्या ओळीने बघाव्यात.

हे मी चुकून शिकले. रेसिडेन्सीच्या, म्हणजे रेडिओलॉजीच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला होते. खो-खो खेळताना खांबावर आपटलेला चौदा वर्षांचा मुलगा आला. कानामागच्या हाडात तिरकी काळी रेघ दिसली आणि मी फ्रॅक्चर लिहून टाकलं. मुलाला तीन दिवस ठेवून घेतलं. शहापूरकडचे आईवडील, घरी भातलावणी चालू, आणि ते दोघंही वॉर्डाबाहेर बसून राहिले. चौथ्या दिवशी आमच्या बाईंनी सगळ्या चकत्या पाहिल्या, मला बरोबर घेऊन शरीररचनेच्या म्युझियममध्ये गेल्या, एक कवटी हातात दिली आणि म्हणाल्या, "कानामागे बोट फिरव." बोटाला छिद्र लागलं. खराट्याची काडी आत घातली तर ती आतल्या मोठ्या शिरेच्या खोबणीत बाहेर आली. ती रेघ म्हणजे इमिसरी शिरेची वाट होती. मी त्या आईवडिलांची माफी मागितली. तेव्हापासून कानामागे रेघ दिसली की दुसऱ्या बाजूचा कान पाहिल्याशिवाय मी काहीही लिहीत नाही.

आता "कशाला". आपल्याकडचा पारसिकचा रेल्वे बोगदा घ्या. कळवा-मुंब्र्याच्या मधला तो १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. तिथे डोंगर आधी होता, रूळ नंतर आले, म्हणून डोंगर पोखरावा लागला. कवटीत अगदी उलटं घडतं. आधी रूळ येतात आणि डोंगर त्यांच्या भोवती वाढतो. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत मेंदूतून निघणारे मज्जातंतू ओळखू येतात, रक्तवाहिन्या धावू लागलेल्या असतात. कवटीच्या तळाची कूर्चा, म्हणजे हाडाआधीचा लवचीक साचा, त्यानंतर त्यांच्या भोवती गोळा होते आणि हाड त्याहून उशिरा येतं. कुठेही ड्रिल चालत नाही. हाड वाढत येतं, मज्जातंतूपाशी थबकतं, बाजूने वळतं आणि पलीकडे पुन्हा जुळतं. राहते ती जागा म्हणजे छिद्र. काही कडी जन्मानंतरही उघडी असतात. मेंदूच्या आवरणाला रक्त देणाऱ्या धमनीभोवतीचं कडं कित्येक मुलांत बालपणी कधीतरी पूर्ण होतं.

वरच्या भागात हे आपल्या ओळखीचं आहे. बाळाची टाळू आपण तेल घालून भरतो, ती बोटाखाली धडधडते, आजी म्हणते अजून भरली नाही. ती चार हाडांच्या मधली मोकळी जागा. बहुतेक मुलांची दीड ते दोन वर्षांत बंद होते. (टाळू तेलाने भरते असं नाही, पण त्या निमित्ताने रोज कोणाचं तरी बोट तिथे जातं आणि खोल गेलेली किंवा फुगलेली टाळू वेळेवर लक्षात येते. ही पद्धत मला म्हणून आवडते. जोराने दाबू नये एवढंच.) तुमच्या मुलीची दोन छिद्रं म्हणजे तशाच भरत आलेल्या हाडाने एका शिरेसाठी ठेवलेली वाट.

शब्दांचा एक घोळ इथेच मिटवते. आपण मराठीत सगळ्यालाच "नस" म्हणतो. नस दबली, नस चढली, नस फुटली. कवटीच्या छिद्रांचा विचार करताना तिघांना वेगळं ठेवावं लागतं: निरोप नेणारे मज्जातंतू, हृदयाकडून रक्त आणणाऱ्या धमन्या, परत नेणाऱ्या शिरा. कोणत्या छिद्रातून कोण जातं यावरच त्या छिद्राचं दुखणं ठरतं.

आरशासमोर उभ्या राहा. भुवईखालच्या हाडाच्या कडेवर नाकाच्या बाजूने बोट बाहेर सरकवा. साधारण एक तृतीयांश अंतरावर एक खाच लागेल, नखाने दाबलं तर कपाळात झिणझिणी जाईल. काहींना तिथे खाचेऐवजी पूर्ण छिद्र असतं, मग बोटाला खाच लागत नाही. त्याच सरळ रेषेत खाली, डोळ्याच्या खोबणीच्या कडेपासून बोटभराहून कमी अंतरावर गालाच्या हाडात दुसरं. आणखी खाली, खालच्या जबड्यात, दुसऱ्या उपदाढेच्या मुळाखाली तिसरं. तिन्ही जवळपास एका उभ्या ओळीत येतात, कारण तिन्ही चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या एकाच मोठ्या मज्जातंतूच्या, ट्रायजेमिनलच्या, तीन फांद्यांच्या बाहेर पडायच्या वाटा आहेत. गालावर आपटून आलेल्या माणसाला आम्ही "वरचा ओठ बधिर आहे का" विचारतो, ते मधल्या छिद्रासाठी.

आता जीभ वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे लावा. एक छोटा उंचवटा लागेल. गरम वडा घाईने तोंडात टाकला की पहिला चटका तिथे बसतो. त्याच्या बरोबर वर टाळूच्या हाडात छिद्र आहे आणि नाकातून आलेले मज्जातंतू तिथून टाळूत उतरतात. आपल्या भाषेत डोक्याचा माथाही टाळू आणि तोंडाचं छतही टाळू. दोन्हींत छिद्रं आहेत हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगितलं की मग ते विसरत नाहीत.

हनुवटीजवळच्या छिद्राबद्दल जरा जास्त सांगते, कारण ते माणसाबरोबर जागा बदलतं. तान्ह्या बाळात ते जबड्याच्या खालच्या कडेजवळ असतं. दात येतात, जबड्याची उंची वाढते, तसं ते मध्यावर येतं. म्हातारपणी दात पडले की दात धरून ठेवणारं वरचं हाड झिजतं आणि छिद्र न हलताच वरच्या कडेला येऊन पोचतं. नौपाड्यातल्या एक आजी कवळी लावली की खालच्या ओठात करंट बसतो म्हणून हैराण होत्या. घरच्यांना वाटलं, कवळी नको म्हणून कारणं काढतात. जबड्याचा एक्स-रे काढला, तर छिद्र अगदी वरच्या कडेला, बरोबर कवळीखाली. प्रत्येक घासाला कवळी उघड्या मज्जातंतूवर बसत होती. दातांच्या डॉक्टरांनी कवळीचा तेवढा भाग कोरून मोकळा केला. आजी त्याच आठवड्यात भाकरी खाऊ लागल्या. घरात कोणी वयस्कर माणूस कवळीची अशी तक्रार करत असेल तर खरं माना आणि एक्स-रे काढा.

तळाची छिद्रं आरशात दिसत नाहीत. शनिवारी मी मुलांना कवटी उलटी धरायला लावते आणि प्रत्येकाला खराट्याची एकेक काडी देते. तार देत नाही. तारेने काठ ओरबाडले जातात आणि खऱ्या हाडांचे संच आता सहज मिळत नाहीत. १९८५ मध्ये भारताने मानवी सांगाड्यांची निर्यात बंद केली, त्यानंतर तो सगळा व्यापारच आटला. कॉलेजातले संच पिढ्यानपिढ्या हाताळून पिवळे पडले आहेत. त्यांतलं प्रत्येक हाड कोणा माणसाचं आहे, म्हणून काडी घालताना मुलांनी हसू नये एवढी माझी अट असते.

कवटीच्या तळाच्या मध्यावर पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक हाड आहे, जतुकास्थी, म्हणजे स्फिनॉइड. त्याच्या मोठ्या पंखात एका वाकड्या ओळीत तीन छिद्रं. मुलं लॅटिन नावांना घाबरतात, पण अर्थ बघितले तर नावं अगदी साधी आहेत. रोटंडम म्हणजे गोल, ओव्हेल म्हणजे अंडाकृती, स्पायनोसम म्हणजे काट्याशेजारचं. गोलातून ट्रायजेमिनलची गालाकडे जाणारी फांदी निघते, अंडाकृतीतून जबड्याकडे जाणारी. काट्याशेजारचं सगळ्यात लहान, जेमतेम दोन मिलिमीटरचं. मेंदूच्या आवरणाची धमनी त्यातून आत शिरते आणि कानशिलाच्या पातळ हाडाला चिकटून वर जाते. कानशिलावर जोराचा मार बसला की तिथे ती फाटू शकते. माणूस उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो, आणि काही तासांनी ग्लानीत जातो, कारण धमनीतलं रक्त हाड आणि आवरण यांच्यामध्ये साठत जातं. "पडला तेव्हा तर चांगला बोलत होता" हे वाक्य मी घाबरलेल्या नातेवाइकांकडून खूपदा ऐकलं आहे. डोक्याच्या मारानंतर चोवीस तास लक्ष ठेवायला सांगतात ते यासाठी.

अंडाकृती छिद्रापाशी माझं मन जास्त रेंगाळतं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाचं एक दुखणं आहे. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ, काही सेकंदांची, पण माणूस जागच्या जागी गोठतो. दात घासताना येते, दाढी करताना येते, ठाण्याच्या तलावपाळीवर चालताना नुसती झुळूक लागली तरी येते. पुष्कळ रुग्ण आधी दाताचं दुखणं समजून एक-दोन चांगल्या दाढा काढून बसलेले असतात. पहिला उपाय गोळ्यांचा, कार्बामॅझेपिनचा. गोळ्यांनी भागलं नाही आणि मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर न्यूरोसर्जन ओठाच्या कोपऱ्यापासून अडीच सेंटीमीटर बाहेर गालात सुई घालतात आणि एक्स-रेवर बघत, कवटी न उघडता, या छिद्रातून मज्जातंतूच्या गाठीपर्यंत पोचतात. ही वाट फ्रिट्झ हार्टेल या जर्मन सर्जनने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आखून दिली. पुढे तिच्यातूनच ग्लिसरॉलचं इंजेक्शन, उष्णता आणि छोटा फुगा फुगवून दाबणं हे उपाय आले. छिद्र जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांब आणि चार रुंद. अशा रुग्णाची सीटी माझ्याकडे आली की मी ते दोन्ही दिशांनी मोजून देते, आणि आडवा हाडाचा पूल आला आहे का ते बघते. काही जणांत शेजारचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधणारा पट्टा, हाडासारखा कडक होतो आणि सुईची वाट अडवतो.

त्याच्या शेजारी, थोडं पुढे आणि आतल्या बाजूला, काही माणसांत एक जास्तीचं बारीक छिद्र असतं. १५४३ मध्ये मानवी शरीररचनेचा सचित्र ग्रंथ छापणाऱ्या आंद्रेआस व्हेसेलियसचं नाव त्याला आहे. त्यातून एक इमिसरी शीर मेंदूखालच्या रक्तकुंडाकडे जाते. सुई चुकून तिथे शिरली तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे जे "असलं तर असतं" म्हणून परीक्षेत कोणी विचारत नाही, तेच माझ्या रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं ठरू शकतं.

जवळच फोरामेन लॅसेरम आहे. कोरड्या कवटीत एवढं मोठं, फाटक्या काठांचं, की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे फुटलंय का?" जिवंत माणसात ते खालून कूर्चेने बंद असतं. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी त्याच्या वरून जाते, आरपार नाही.

कानाच्या पाळीमागे, आत खोल, चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू बाहेर पडतो. त्याआधी तो हाडातल्या सुमारे ३ सेंटीमीटर लांबीच्या नळीतून वळणं घेत येतो आणि नळीचं सुरुवातीचं तोंड एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतं. मज्जातंतू सुजला की पसरायला जागा नाही, कारण भोवती हाड. एका सकाळी तोंड वाकडं झालेलं असतं, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. लोक म्हणतात वारं लागलं, लोकलच्या दारात उभा होता. मग चार दिवस शेक आणि तेल चालतं. ते चार दिवस वाया घालवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि न मिटणारा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब लागतात. कपाळाला आठ्या पडत असतील आणि फक्त खालचा चेहरा वाकडा असेल, किंवा हातपायही जड झाले असतील, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा एक तासही थांबायचं नाही.

शेवटचं छिद्र, खरं तर छिद्रांची चाळण, आणि ते तुमच्या मुलीच्या पडण्याशी थेट जोडलेलं आहे. नाकाच्या छतावर पातळ हाडाची जाळी असते. वासाचे मज्जातंतू तिच्यातून प्रत्येक बाजूला वीसेक बारीक धाग्यांनी मेंदूत शिरतात. डोकं मागे आपटलं की मेंदू आत पुढे-मागे हलतो आणि ते धागे जाळीपाशी तुटू शकतात. हाड फुटलेलं नसलं तरीही. लहान मुलं वास येत नाही असं आपणहून सांगत नाहीत, "जेवण बेचव आहे" म्हणतात. चार-सहा दिवसांनी तिचे डोळे बंद करून एकेका नाकपुडीपाशी कोथिंबीर, मग कॉफी, मग संत्र्याची साल धरून बघा. सर्दी असेल तर थांबा. ओळखलं तर झालं. एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ काही टपकू लागलं, खाली वाकल्यावर जास्त येत असेल, घशात खारट लागत असेल, तर मात्र सरळ इस्पितळात न्या. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

इमिसरी शिरांबद्दल एक सावधगिरी. रक्त त्यांच्यातून दोन्ही दिशांना वाहू शकतं, म्हणून डोक्याच्या कातडीतला पू क्वचित आत पोचू शकतो. टेंगळावर जखम झाली असेल तर ती साबण-पाण्याने स्वच्छ ठेवा, हळद-चुना भरू नका, डोक्यावरचं केसतोड पिळू नका. नाकाच्या आजूबाजूच्या पुळ्यांनाही हेच लागू, कारण तिथल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून आत जोडलेल्या आहेत. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण आपल्याकडेही आले. नाकातली बुरशी डोळ्याकडे आणि पुढे मेंदूकडे कोणत्या छिद्रांतून सरकते आहे हे आम्ही तेव्हा रोज स्क्रीनवर पाहिलं. गालाच्या मागची बोटाच्या टोकाएवढी एक पोकळी, जिथून पाच-सहा वाटा फुटतात, ती स्वच्छ आहे की भरलेली, हे प्रत्येक रिपोर्टमध्ये पहिलं लिहायचो.

तुमचा उरलेला प्रश्न, आपोआप बुजतील का. बहुधा नाही. शीर आहे तोवर वाट राहील, आणि ती राहणंच बरोबर आहे. शाळा सुरू करू द्या, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस सायकल आणि धावाधाव बंद ठेवा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त झोप, वागण्यात किंवा बोलण्यात फरक, फिट, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, दाखवायला न्या. त्यात छिद्रांचा संबंध नाही, माराचा आहे.

सीटीची सीडी फेकू नका. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. सीडीवर मुलीचं नाव आणि तारीख घालून तिच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा, जमलं तर फाइल्स पेन ड्राइव्हवरही घ्या. नऊ वर्षांची आहे, सायकल चालवते, म्हणजे पुन्हा कधीतरी पडेल. तेव्हा दुसरा स्कॅन करायची वेळ आलीच, तर रात्रपाळीला बसलेल्या तरुण डॉक्टरला आजची चित्रं शेजारी ठेवून बघता येतील आणि ही दोन छिद्रं आधीपासून इथेच होती हे त्याला कोणाला विचारावं लागणार नाही.